गणपती कितवीत आहे?

हा प्रश्न मला आमच्या बायनं स्कूटरवर मागं बसून विचारला. फोंड्याच्या बाजारातून घरी येत होतो, पाऊस धो धो, तिचा आवाज रेनकोटच्या आतून येतोय, मला आधी वाटलं ती व्हॅनमधल्या कुठल्या तरी मुलाचं विचारतेय. म्हटलं कोण गणपती गं? तर म्हणाली, आपला गणपती, आजो सकाळी म्हणाला ना रविवारी गणपतीच्या शाळेत जायचंय पाट घेऊन, मग तो कितवीत आहे, केजी टू असेल तर माझ्याच वर्गात येईल ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इकडे गोव्यात आणि कोकणात गणपतीच्या मूर्ती जिथं करतात त्या जागेला शाळा म्हणतात, चित्रशाळा किंवा नुसतं गणपतीची शाळा. आणि श्रावणात आपापल्या घरचा पाट तिथं नेऊन द्यायचा, त्या पाटावरच मूर्ती तयार होते. मी माहेरची कोल्हापूरची, लग्न होऊन इथं येऊन नऊ वर्षं झाली, शाळा हा शब्द मीपण पहिल्या वर्षी ऐकला तेव्हा क्षणभर थांबले होते, पण नंतर सवयीचा झाला आणि त्यात काही वेगळं आहे हेच विसरून गेले. साडेपाच वर्षांच्या मुलीला मात्र तो शब्द जसा आहे तसाच ऐकू आला.

आमचं घर तसं देवाधर्माचं. सासूबाई आंघोळ झाल्याशिवाय चूल पेटवत नाहीत, म्हंजे आता गॅस, पण त्या चूलच म्हणतात. देवघर स्वयंपाकघराला लागून, अंगणात तुळशीवृंदावन, सोमवारी शिवराक म्हंजे मासळी नाही, श्रावणात महिनाभर नाही, चवथ म्हंजे गणेशचतुर्थी पाच दिवसांची, संध्याकाळी दिवा लावला की सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं. या घरात दोन लहान मुलं वाढवताना गेल्या दोन-तीन वर्षांत जे जे झालं ते मला लिहून ठेवायचंय, कारण पोरं भराभर मोठी होतात आणि हे बोलणं नंतर त्यांनाही आठवणार नाही. बाय म्हंजे मोठी, आणि बाबू तिचा भाऊ, तीन वर्षांचा. खरी नावं वेगळी आहेत पण घरात कोणी त्या नावांनी हाक मारतच नाही.

सुरुवात शुभंकरोतिपासून करते. बाबूला बोलता यायला लागलं तसं सासूबाईंनी त्याला दिव्याजवळ उभं करून शिकवायला घेतलं. महिनाभर रोज. एके दिवशी पाहुणे आलेले, तर आजीनं कौतुकानं म्हटलं म्हण रे बाबू, आणि हा डोळे घट्ट मिटून मोठ्यानं, "शुभं कलोती कल्याणं, आलोग्यं धन संपलं!" संपलं म्हणताना दोन्ही हात असे उघडून दाखवले, बिस्किटं संपली की आम्ही त्याला डबा उलटा करून दाखवतो ना, अगदी तसे. पाहुणे हसून लोळायचे बाकी राहिले. आजोनं तर खिशातनं दहाची नोट काढून त्याच्या हातात दिली, म्हणे घे, इतक्यात संपवू नको. अजूनही तो तसंच म्हणतो. सासूबाई म्हणतात सुधारेल आपोआप, देवाला कळतं त्याला काय म्हणायचंय.

हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं आणि ते कधीपासून सुरू झालं तेही सांगते. बाबू दोन वर्षांचा असताना आम्ही एका देवळात गेलो होतो, पालखीची गर्दी, आणि हा गाभाऱ्यासमोर पोचल्या पोचल्या जोरात ओरडला, "देवा, हांव आयलों!" म्हंजे देवा मी आलो. तो अख्खा सभामंडप घुमला. एक बाई मागं वळून मला फाडकन बोलल्या, पोरांना वळण नाही लावता येत तर आणायचं कशाला. मी तशीच दोघांना उचलून बाहेर आले, डोळ्यांत पाणी आलेलं. घरी येईपर्यंत सासूबाई काही बोलल्या नाहीत, मला वाटलं त्यांनाही राग आला असणार. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "अगं मूल कुणाच्या घरी गेलं की हाक मारूनच आत जातं. त्यानं देवाच्या घरी पण तेच केलं. हळू बोल म्हणून सांग त्याला, गप्प बस म्हणून नको सांगू."

तेव्हापासून आमच्या घरात हा नियमच झालाय. देवासमोर पोरांना गप्प बसवायचं नाही. विचारलं की उत्तर द्यायचं, येत नसेल तर दुसऱ्याला विचारून द्यायचं. हे सोप्पं नाहीये बरं का.

कारण प्रश्न असे येतात. मंगेशीला गेलो, सोमवार होता, बायनं ती सात मजली दीपमाळ बघितली आणि पहिला प्रश्न, या बिल्डिंगमध्ये कोण राहतं? सांगितलं की दिवे राहतात. ते पटलं तिला. मग मी उत्साहानं सांगायला लागले की हा देव मुळात इथला नाही बरं का, तो आधी कुठ्ठाळीला होता, पोर्तुगीज लोक देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० मध्ये लोकांनी त्याला झुवारी नदीपलीकडे, इकडे प्रियोळला आणला, लपून छपून. ती एकदम गंभीर. फेरीबोटीनं आला? म्हटलं तेव्हा फेरीबोट नव्हती गं, होडीनं आणला असणार. रात्रीचा? रात्रीचाच असणार. मग त्याला भीती नाही वाटली? मी काय सांगणार, तेवढ्यात आजो म्हणाला, माणसं होती की सोबत, माणसांना भीती वाटत होती आणि तो त्यांच्या सोबत होता. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि घरी येताना कारमध्ये म्हणाली, आपण पण मडगावहून इकडे आलो तेव्हा मी टेडी धरून बसले होते.

कवळ्याला शांतादुर्गेचंही असंच. ती मूळची गोव्यातल्याच केळशीची, तीपण याच काळात इकडे आलेली, आणि आत्ताचं हे मोठं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, शाहू महाराजांच्या काळातलं. बायला अजून वजाबाकी येत नाही पण मधे खूप वर्षं गेली एवढं तिला कळलं, मग लगेच, तोपर्यंत ती कुठं राहिली? सासूबाई म्हणाल्या छोट्याशा घरात राहिली, आपण घर बांधत होतो तेव्हा मागच्या खोलीत नाही का राहिलो, तशी. मग मागच्या खोलीत पाणी गळायचं तसं तिच्याकडे पण गळायचं का? गळत असेल, सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच थांबल्या. नंतर मला म्हणाल्या, इतकी वर्षं जातेय मी त्या देवळात, ती पावसात कशी राहिली असेल हे माझ्या कधी मनात आलं नाही.

शांतादुर्गेची गोष्ट त्यांनी पोरांना सांगितली, शंकर आणि विष्णूचं भांडण झालं, कुणी ऐकेना, तेव्हा देवी मधे पडली आणि दोघांना शांत केलं, म्हणून ती शांता, हातात दोन साप धरलेत ते म्हंजे ते दोघं. गोष्ट ऐकून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी डब्याची घाई चाललेली आणि बाहेर तीनचाकी सायकलवरनं कडाक्याचं भांडण, केस ओढणं, चावणं सगळं. मी ओरडणार तेवढ्यात दोघं रडत रडत आत आली आणि बायनं माझ्या एका हातात स्वतःचा हात दिला, दुसऱ्या हातात बाबूचा, आणि हुंदके देत म्हणाली, "मम्मा तू मधे उभी राहा, आम्ही साप आहोत." पीठ लागलेल्या हातांनी मी तशीच उभी राहिले, बाबू फुस्स फुस्स आवाज काढत होता, नाकातनं पाणी वाहतंय आणि फुस्स करतोय. भांडण तिथंच मिटलं. आता आठवड्यातनं दोन-तीनदा तरी साप होतात.

आता बाळकृष्णाचं सांगते, हे २०२४ च्या नाताळातलं. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, आंटी एकट्याच असतात, मुलगा बाहेरदेशी. चवथीला आमच्याकडनं त्यांना नेवऱ्या म्हंजे करंज्या जातात, नाताळला त्यांच्याकडनं आम्हाला दोदोल, कुलकुलं असं गोडधोड येतं. दरवर्षी त्या व्हरांड्यात गोठा करतात, गवत, मातीची माणसं, गाई-मेंढरं, वर कागदाचा स्टार. पोरांचा मुक्काम तिथंच.

नाताळच्या दोन दिवस आधी सकाळी सासूबाईंची हाक आली, "अगो, बाळकृष्ण खंय?" देवघरातला पितळेचा रांगता बाळकृष्ण, अंगठ्याएवढा, हातात लाडू, तो गायब. सासूबाईंना तो त्यांच्या आईकडनं आलेला. निर्माल्याची पिशवी उपसली, देवघराच्या मागं उंदीर नेतो म्हणून बॅटरी मारून बघितलं, कपड्यांच्या घड्या उलगडल्या, वॉशिंग मशीनच्या आतसुद्धा हात घालून पाहिला. दुपारी सासूबाई जेवल्याच नाहीत. बाय शाळेतनं आली, सगळ्यांचे चेहरे बघून काय शोधताय विचारलं, आणि सांगितल्यावर इतक्या सहज म्हणाली, तो होय, तो आंटीकडे दिलाय.

दिलाय म्हंजे?

मग सगळं बाहेर आलं. गोठ्यात बाळाची जागा रिकामी असते, बाळ येशू चोवीस तारखेच्या रात्री ठेवतात, तोवर गवताचं अंथरूण नुसतंच. बायनं बघितलं की त्या बाळाची आई बसलीय, बाबा उभे आहेत, मेंढरंसुद्धा आलीत आणि बाळच नाही. तिला ते बघवलं नाही. आपल्याकडे तर एक बाळ आहेच, तो दिवसभर देवघरात एकटाच रांगत असतो, म्हणून आदल्या संध्याकाळी खिशात घालून नेला आणि गवतावर ठेवला. आंटींच्या लक्षात आलं नव्हतं कारण तिनं त्याला थंडी वाजू नये म्हणून वर कापूस घातलेला.

सासूबाई पदर खोचून तशाच निघाल्या, मी मागनं धावत, मला धाकधूक की आता काय होतंय. आंटींनी कापूस बाजूला केला, खाली आमचा बाळकृष्ण लाडू धरून, गाईकडे तोंड करून. आंटींनी तोंडावर हात घेतला, सॉरी सॉरी म्हणायला लागल्या. सासूबाई दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की तिथल्या खुर्चीत बसूनच घेतलं. म्हणाल्या, गोठ्यातच सापडला तर, गोकुळातला तो, त्याला गोठा काय नवा आहे. मग बायला जवळ घेऊन सांगितलं की देणं चांगलंच, पण नेताना त्याच्या आईला विचारायचं. बायनं विचारलं त्याची आई कोण? सासूबाई म्हणाल्या, सध्या मी. बाळकृष्णाला घरी आणून दुधाची आंघोळ घातली, आणि पंचवीसला दोदोल आलं त्याचा पहिला तुकडा त्याच्यासमोर ठेवला. गूळ, तांदूळ आणि नारळाचा रस, त्यात न चालण्यासारखं काय आहे, असं त्या स्वतःच म्हणाल्या. सोवळ्याच्या बाबतीत त्या किती कडक आहेत हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी हे का लिहितेय.

तर पुन्हा गणपतीच्या शाळेकडे. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला, बुधवारी होती. रविवारी आम्ही पाट घेऊन शाळेत गेलो, पाटाच्या मागच्या बाजूला आमच्या घराचं नाव खडूनं लिहायचं असतं, बायनं त्याखाली आपला रोल नंबर पण लिहायला लावला, माझ्या बॅगेवर असतो ना. आत गेलो तर ओळीनं मूर्ती मांडलेल्या, काही नुसत्या मातीच्या, काही पांढऱ्या, काहींना रंग लागलेला. ती दारातच उभी राहिली आणि मला वाकायला सांगून कानात म्हणाली, "सगळे लाईनीत बसलेत." मग रंगलेल्यांचं पिवळं पीतांबर बघून म्हणाली हा यांचा युनिफॉर्म, आणि न रंगवलेल्यांकडे बोट करून, यांचा धुवायला टाकलाय वाटतं. तिथले मूर्तिकार काका वयस्कर आहेत, चिकणमातीचीच मूर्ती करतात, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. त्यांना तिनं विचारलं तुम्ही यांचे सर का? ते मातीचे हात पुसत म्हणाले, नाही गे बाय, मी यांच्याकडनं शिकतोय. आणि ते गंमत म्हणून नव्हते म्हणाले.

पुन्हा गेलो तेव्हा डोळ्यांची आखणी चालली होती. तेव्हा शाळेत कोणी बोलत नाही. एक बारीक ब्रश, काकांनी श्वास धरलेला, बुबुळाची एक रेघ आणि मग त्या रेघेतला पांढरा ठिपका, आणि तो ठिपका पडला की त्या मातीच्या चेहऱ्यावर कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं. बाबूनं माझं बोट घट्ट धरलं आणि हळूच, आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत म्हणाला, "उठला."

चवथीच्या आदल्या दोन दिवसांत घरात काय असतं ते बायकांना सांगायला नको. नेवऱ्यांचा घाणा घातलेला, पुरी लाटायची, मधे खोबऱ्याचं सारण, दुमडून अर्धचंद्र करायचा आणि कडेला नखानं मुरड घालत जायचं, ही मुरड मला जमायला चार वर्षं लागली, सासूबाईंची बोटं बघत बसावी अशी चालतात, न बघता, बोलता बोलता, दोरीसारखा पीळ पडत जातो. नैवेद्याच्या एकवीस वेगळ्या डब्यात भरून वर ठेवल्या. रात्री दहाला डबा उघडला तर सात नेवऱ्यांची टोकं गेलेली. प्रत्येकीचं फक्त टोक, आणि परत नीट रचून ठेवलेल्या, टोकं सगळी एका बाजूला. बाबूला विचारलं, त्यानं लगेच कबूल केलं, त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "तिखत नाय ना बघितलं. बाप्पाला तिखत लागलं तर?" कारण त्याच्या ताटातलं वरण मी रोज आधी बोटानं चाखून बघते तिखट आहे का, त्याच्या लेखी जेवू घालायची पद्धतच ती.

आजो एकदम खूश, शबरीनं पण असंच केलं म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "शबरीची बोरं झाडावरची होती, तिला पुन्हा तेल तापवावं लागलं नाही." आणि कणीक मळायला बसल्या. रात्री साडेअकराला सात नेवऱ्या परत झाल्या. टोकं गेलेल्या सात बाबूच्या नावानं वेगळ्या ठेवल्या, आणि नव्या तळून काढताना सासूबाई मला म्हणाल्या, माझ्या मुलानं कधी देवासाठी तिखट चाखून बघितलं नव्हतं हो.

माटोळीचं काम आजो आणि ह्यांचं. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातलं, परसातलं सगळं बांधायचं, नारळ, सुपारीचं शिपटं, तोरंजन, चिबूड, आंबाडे, कांगलां, घागऱ्या, कवंडळ. काही बाजारातून आणायचं, काही आजो स्वतः डोंगरावर जाऊन आणतो. बाय प्रत्येक फळ हातात देताना विचारत होती हे खातात का? लालबुंद कवंडळ हातात घेतल्यावर आजो म्हणाला हे नाही खायचं. मग गणपतीला कशाला? आजो स्टुलावरनं खाली उतरला आणि नीट समजावलं, अगं खायला नाही, आपल्या भुईत पावसात काय काय होतं ते त्याला दाखवायचं, वर्षातनं एकदा येतो ना. हे ऐकून ती पळत गेली आणि मागच्या दारातल्या कुंडीतली मिरची तोडून आणली. तिनं स्वतः लावलेली, पूर्ण झाडाला आलेली ती एकच. शिपट्याच्या आणि तोरंजनाच्या मधे दोऱ्यानं ती करंगळीएवढी हिरवी मिरची बांधली, आणि पाच दिवस जो येईल त्याला हात धरून दाखवली.

आणि आता पूजा. सकाळी भटजी आले, त्यांना त्या दिवशी बारा घरं करायची असतात, वेगात असतात, पण आमचे भटजी मंत्र कधी खात नाहीत. प्राणप्रतिष्ठा झाली, मग एकवीस पत्रींची पूजा, एकेक नाव घ्यायचं आणि एकेक पान वाहायचं. भटजींनी सुरू केलं, सुमुखाय नमः. आणि माझ्या शेजारनं खणखणीत आवाज आला, "प्रेझेंट मिस!"

भटजींनी एक नजर टाकली, पुढं गेले. गणाधिपाय नमः. "प्रेझेंट मिस!" उमापुत्राय नमः. आता बाबूला पण कळलं काय चाललंय, दोघं मिळून, "प्लेझेंट मिस!" मी तिचा हात दाबला तर ती मला म्हणाली, अगं हजेरी चाललीय, तो नवीन आहे, त्याला बोलता येत नाही अजून म्हणून मी सांगतेय, नाहीतर अ‍ॅबसेंट लागेल. हे नवऱ्यानं ऐकलं, तो पूजेला बसलेला, हातात पान, खांदे गदागदा हलायला लागले. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. भटजी थांबले, कितवं पान झालं ते त्यांच्याही डोक्यातनं गेलं, डोळे मिटून ओठ घट्ट धरून दोन क्षण बसले आणि मग त्यांचा पण बांध फुटला. हसून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बाय, आता पुन्हा पहिल्यापासून घेतो, पण हजेरी मनातल्या मनात दे हां, त्याला ऐकू येतं." आणि खरंच सगळी एकवीस नावं पहिल्यापासून घेतली, प्रत्येक नावानंतर एवढंसं थांबून, तिच्याकडे बघून. प्रत्येक नावाला तिचे ओठ हलत होते. दरवर्षी पत्रीपूजेच्या वेळी माझं अर्धं लक्ष गॅसवर असतं, खतखतं लागतंय का, पातोळ्या उकडल्या का. त्या दिवशी पहिल्यांदा मी एकवीसही नावं ऐकली.

संध्याकाळी घुमट आरती. घुमट म्हंजे मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी तोंड, मोठ्या तोंडाला चामडं ताणलेलं आणि लहान तोंड उघडं, २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालंय. आधी घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं. दहा-बारा पुरुष, घुमट, शामेळ, कासाळं, तास दीड तास घर नुसतं थरारत असतं. बाबू मांडीवर झोपला. एवढ्या आवाजात. आणि शेवटची आरती संपून सगळं थांबलं तसा दचकून उठला आणि टाळ्या वाजवत ओरडला, "वन्स मोअल!" घामानं निथळणाऱ्या त्या माणसांनी त्याच्यासाठी आणखी एक घेतली. नंतर घुमट कोपऱ्यात ठेवलेले, तर हा त्याच्या लहान तोंडाला तोंड लावून बोलतोय, हॅलो बाप्पा, आतनं घुमून आवाज परत येतो, तो कान लावून ऐकतो, परत बोलतो. पाचही दिवस तो फोन चालू होता. काय बोलायचा ते विचारलं तर सांगायचा नाही.

पाचव्या दिवशी, ३१ तारखेला, रविवार होता. उत्तरपूजा झाली, बायला रडू येईल म्हणून मी तयारीत होते पण ती फार कामात होती. तिचा हिशोब सरळ होता, चवथीची सुट्टी तिला मिळाली तशी त्यालाही मिळाली, सुट्टीत तो घरी आला, आता सुट्टी संपली, तो शाळेत जाणार. सासूबाई त्याच्या शिदोरीचे दही-पोहे केळीच्या पानात बांधत होत्या. बाय म्हणाली पानातनं गळणार, बॅग खराब होईल त्याची, आणि आपला स्टीलचा टिफिन आणून पुढं ठेवला.

त्या टिफिनात आठवड्याआधी ऑम्लेट गेलेलं. सासूबाईंना माहीत होतं. मी काही बोलणार तर त्यांनी हातानंच थांबवलं, टिफिन उचलून मागच्या दारी गेल्या, तीनदा घासला, उन्हात उपडा घातला, मग आत हळदीचं पान अंथरलं, पोहे त्या पानावर, दह्यात कालवलेले, कडेला गुळाचा खडा. झाकण लावायचं काम बायला दिलं.

तळीवर गेलो, मूर्ती पाण्यात गेली, पाट वर आला, त्यावर तळातली थोडी माती घेतली. शिदोरी तिथंच सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटली, बाय तेव्हा बाबूला घेऊन पायऱ्यांवर बुडबुडे मोजत होती, तिनं वाटताना बघितलं नाही. घरी येऊन पाय धुतले आणि तिनं टिफिन उघडला. तळाला, हळदीच्या पानाला चिकटलेले दोन घास पोहे.

"बघ," ती मला दाखवत म्हणाली, "पहिल्याच दिवशी टिफिन नाही संपवला त्यानं. मिस ओरडणार."

आणि तिथंच पायरीवर बसून बोटानं पुसून पुसून तिनं ते पोहे संपवले, एक घास बाबूला दिला, पान काढून तुळशीत टाकलं आणि रिकामा टिफिन आजीसमोर उलटा करून दाखवला.